लकव्यानंतरची वाचा मराठीतही तपासली जावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला मेंदूवरचा लेख वाचला. डावा मेंदू भाषेचा आणि हिशेबाचा, उजवा मेंदू कलेचा आणि कल्पनेचा, अशी सरळ वाटणी त्यात केली आहे आणि त्यावरून माणसांचेही दोन गट पाडले आहेत. मुलांचा ‘उजवा मेंदू जागवून’ देणारे वर्ग आपल्या शहरात याच समजावर फी घेतात, त्याबद्दल कुणीतरी स्वतंत्र लिहायला हवे. हे पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आणि जास्त तातडीचे आहे. याच समजाचे दुसरे टोक लकवा आलेल्या माणसाच्या घरात दिसते: डावा मेंदू गेला म्हणजे भाषा गेली, आणि भाषा गेली म्हणजे समज गेली. इंदूरच्या राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबाग इथल्या मराठी घरांत आजी-आजोबांना लकव्याचा झटका येतो, म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा एकाएकी तुटतो, वाचा जाते, दवाखान्यात हिंदीतून चार प्रश्न विचारले जातात आणि ‘काही समजत नाही’ असा शेरा कागदावर पडतो. पुढचे सगळे त्या शेऱ्यावर ठरते. स्पीच थेरपी सुचवायची की नाही, बँकेच्या कागदावर त्यांना विचारून अंगठा घ्यायचा की न विचारता, त्यांच्या देखत त्यांच्याबद्दल काय बोलायचे, सगळे.

आधी वाटणीबद्दल. बहुतेक माणसांत भाषेची बरीचशी कामे मेंदूच्या डाव्या अर्धगोलात, म्हणजे डाव्या अर्ध्या भागात, चालतात, हे खरे आहे. त्यावरून माणूस ‘डाव्या मेंदूचा’ ठरत नाही. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठाने 2013 साली 7 ते 29 वर्षे वयाच्या 1,011 जणांचे स्कॅन तपासले. काही जोडण्या डावीकडे दाट होत्या, काही उजवीकडे, पण सबंध मेंदूच एका बाजूला झुकलेला आहे असे काही दिसले नाही. दोन्ही अर्धगोल सुमारे 20 कोटी तंतूंच्या जाड पट्ट्याने जोडलेले असतात. अपस्मार (फेफरे) आटोक्यात आणण्यासाठी काही रुग्णांचा हा पट्टा कापावा लागला, त्यांच्यावर अमेरिकन शास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांनी प्रयोग केले आणि त्यांना 1981 चे नोबेल मिळाले. पडद्याच्या डाव्या बाजूला क्षणभर एखाद्या वस्तूचे नाव दाखवले की ते फक्त उजव्या अर्धगोलात पोहोचते. रुग्ण म्हणतो, मला काही दिसले नाही. पण त्याचा डावा हात पडद्यामागे चाचपून नेमकी तीच वस्तू उचलतो. शब्द कळलेला असतो, तोंडातून काढणारी यंत्रणा पलीकडे असते. बोलता न येणे आणि न कळणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे यातून दिसते.

भाषा डाव्या बाजूला चालते हा शोध या प्रयोगांच्या सुमारे शंभर वर्षे आधीचा. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयातला एक 51 वर्षांचा रुग्ण कित्येक वर्षे ‘टॅन’ एवढाच आवाज काढू शकत असे. समोरच्याचे बोलणे मात्र त्याला कळे. 1861 मध्ये तो गेल्यावर डॉक्टर पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू पाहिला, तेव्हा डाव्या बाजूचा पुढचा खालचा भाग बिघडलेला दिसला. 1865 पर्यंत पुरेशी उदाहरणे जमली आणि आपण डाव्या अर्धगोलाने बोलतो असे त्यांनी मांडले. 1874 मध्ये कार्ल वेर्निके या 26 वर्षांच्या डॉक्टरने उलट प्रकार दाखवला: कानामागच्या बाजूचा डावा भाग बिघडला की रुग्ण भरभर बोलतो, पण बोलण्याला अर्थ राहत नाही आणि ऐकलेले कळत नाही. एक उपयोगी गोष्ट मात्र पुष्कळ वर्षांनी कळली. ब्रोकांनी जपून ठेवलेल्या त्या मेंदूचा 2007 मध्ये एमआरआय झाला, तेव्हा इजा वरच्या थराखाली खोलवर, जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली आढळली. म्हणून स्कॅनवर अमुक जागी डाग आहे, एवढ्यावरून ‘आता हे कधी बोलणार नाहीत’ असे घरच्यांना सांगून टाकणे बरोबर नाही.

झटक्यात प्रत्यक्ष काय होते, ते धमनीवर अवलंबून असते. डाव्या बाजूची मधली मेंदूधमनी पुढे दोन मोठ्या फांद्यांत फुटते. वरची फांदी तुंबली तर बोलणे अडते आणि सहसा उजवा हात आणि चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडते, कारण हात हलवणारा भाग तिथे शेजारीच आहे. ‘काल मुलाने मला दवाखान्यात नेले’ असे म्हणायचे असते आणि बाहेर पडते ‘काल... मुलगा... दवाखाना... नेणे’. नावे येतात, प्रत्यय गळतात, क्रियापद चालवता येत नाही. मराठीत ‘मुलगा’चे ‘मुला’ करून मग ‘ने’ लावायचा असतो, शब्दाचे रूप आणि प्रत्यय अशा दोन पायऱ्या, आणि या रुग्णांना त्या सर्वांत जड जातात. आपले चुकते आहे हे त्यांना कळत असते, म्हणूनच ते चिडतात, रडतात.

खालची फांदी तुंबली तर हातपाय चांगले चालतात, आणि गफलत इथेच होते. माणूस उठतो, फिरतो, जेवतो, पण बोलतो असे: ‘ते आपलं तिकडचं बसवलं की मग फळकी येते ना, तीच म्हणतोय मी.’ ‘फळकी’ला इथे काही अर्थच नाही. सूर, चाल, हातवारे सगळे नेहमीचे असतात, म्हणून घरचे म्हणतात डोके फिरले, भ्रम झाला. कुणी दृष्ट काढते, कुणी मानसोपचाराकडे नेते, कुणी झोपून उठल्यावर बरे वाटेल म्हणून थांबते. धमनी तुंबवणारी रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षण दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी रक्तस्राव नाही हे सीटी स्कॅनने पाहावे लागते. मोठी गुठळी तारेने काढण्याचा उपाय निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत चालतो. मोठी धमनी बंद असताना दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात असा अंदाज आहे. त्यामुळे चांगला बोलणारा माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तर हातपाय चालत असले तरी तो लकवाच समजावा, 108 ला फोन करावा आणि शेवटचे नीट बोलताना त्यांना किती वाजता पाहिले ते लिहून घ्यावे. दवाखान्यात पहिला प्रश्न हाच येतो. झोपेतून उठल्यावर लक्षात आले असेल, तर वेळ झोपण्याआधीपासून धरली जाते.

या घाईत एक चूक जवळजवळ प्रत्येक घरी होते, ती म्हणजे तोंडात पाणी घालणे. लकव्यात गिळण्याची क्रियाही बिघडलेली असू शकते, पाणी श्वासनलिकेत जाते आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. वाचा गेली म्हणून जिभेवर वेखंड उगाळून मधातून चाटवण्याचीही आपल्याकडे पद्धत आहे. मोठ्या माणसाची जीभ जड झालेली नसते, जिभेला हुकूम देणाऱ्या भागाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. गिळणे तपासून होईपर्यंत पाणी, चहा, गोळी, वेखंड, काहीही तोंडाने देऊ नये.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. रुग्ण स्थिरावल्यावर भाषा तपासायची, तर सहा गोष्टी पाहाव्या लागतात: आपणहून बोलणे, ऐकून समजणे, म्हटलेले पुन्हा म्हणणे, वस्तूचे नाव सांगणे, वाचणे आणि लिहिणे. कोणती राहिली आणि कोणती गेली यावरून वाचाघाताचा, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडण्याचा, प्रकार ठरतो. समजते, बोलणेही बरे आहे, पण पुन्हा म्हणता येत नाही, हा एक प्रकार. काही बोलता येत नाही, पण म्हटलेले पुन्हा म्हणता येते, हा दुसरा. बोबडे बोलणे या सगळ्यांहून निराळे: त्यात शब्द बरोबर असतात, ओठ-जीभ दुबळी असते आणि माणूस लिहून सगळे सांगू शकतो. वाचाघातात बहुधा लिहिणेही गेलेले असते. म्हणून बोलता येत नाही तर पाटी द्या, बाराखडीचा तक्ता द्या, हा उपाय बोबडे बोलणाऱ्याला चालतो आणि वाचाघातात फसतो. तक्त्यावर बोट ठेवता येत नाही हे पाहून घरचे पुन्हा ‘समजत नाही’ असाच निष्कर्ष काढतात.

ही सहाही अंगे दोन्ही भाषांत तपासली पाहिजेत, कारण एका माणसाच्या दोन भाषा झटक्यानंतर सारख्याच राहतील याची खात्री नसते. फ्रान्समध्ये मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी 1881 मध्येच म्हटले होते की आधी शिकलेले जास्त टिकते. 1895 मध्ये तिथलेच डॉक्टर पित्र यांनी रुग्ण पाहून सांगितले की झटक्याआधी जी भाषा जास्त वापरात होती ती आधी परतते. पुढच्या अनुभवात दोन्ही नियम अपुरे पडले. बहुतेकांच्या दोन्ही भाषा बरोबरीने सुधारतात, पण काहींची एक पुढे जाते, काहींची एकच परत येते, आणि क्वचित असेही होते की एक सुधारता सुधारता दुसरी मागे पडते. कोणाचे काय होईल हे आधी सांगता येत नाही, तपासूनच कळते. मॉन्ट्रियलचे भाषाशास्त्रज्ञ मिशेल पॅरादी यांनी दोन भाषा बोलणाऱ्यांसाठी खास चाचणी बांधली, ती 1987 मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येक भाषा स्वतंत्रपणे, त्या भाषेतल्या तोलामोलाच्या शब्द-वाक्यांनी तपासायची, हे तिचे सूत्र आहे. हिंदी चाचणीचे जागच्या जागी मराठी करून विचारणे म्हणजे मराठी तपासणी होत नाही.

इंदूरच्या मराठी माणसाच्या बाबतीत हे किती बारकाईने पाहावे लागते, त्याचे एक उदाहरण देतो. घरी मराठी, शाळा हिंदी माध्यमाची, नोकरी हिंदीत, रोजचा पेपर हिंदी, देवाचे मराठीत आणि संस्कृतात, असा सत्तरीचा माणूस घ्या. याने पाढे हिंदीत पाठ केलेले असतात, त्यामुळे आकड्यांची तपासणी मराठीत केली तर तो नापास होईल, आणि नात्यांची, स्वयंपाकघरातली, आजारपणातली नावे हिंदीत विचारली तर तिथे अडेल. त्याचे हिंदी जन्मभर मराठी वळणाचे असेल, लिंग इकडचे तिकडे होत असेल. तपासणाऱ्याला ते ठाऊक नसेल, तर जुन्या सवयीचे बोलणे तो नव्या आजाराचे लक्षण म्हणून लिहून टाकतो. ‘हे पहिल्यापासूनच असे बोलायचे का?’ एवढा प्रश्न घरच्यांना विचारला तर ही चूक टळते. उलट बाजूनेही काळजी हवी. पुण्याहून आणलेल्या चित्रसंचात कुलपाच्या शेजारच्या वस्तूला ‘किल्ली’च म्हणायला हवे असेल आणि आपला माणूस ‘चाबी’ म्हणाला, तर ते बरोबरच धरले पाहिजे, कारण त्याच्या घरात तोच शब्द आहे. चित्रेही ओळखीची हवीत: तवा, पोळपाट, समई, कुलूप, पोहे, शेव. बर्फावरच्या घसरगाडीचे चित्र दाखवून त्याला शब्द सुचत नाही असे ठरवणे अन्यायाचे आहे.

दोन भाषा एकाच बैठकीत मिसळू नयेत. एका दिवशी मराठी बोलणाऱ्याने मराठीत तपासावे, दुसऱ्या दिवशी हिंदी बोलणाऱ्याने हिंदीत. समजण्याची तपासणी करताना तोंडी ‘हो-नाही’वर विसंबू नये. या रुग्णांच्या तोंडून ‘नाही’च्या जागी ‘हो’ निघून जाते. मान किंवा अंगठा वापरायला सांगावे आणि ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे असे प्रश्न उलटसुलट विचारावेत: आपण इंदूरला राहतो का? आपण नाशिकला राहतो का? दिवा हा प्यायचा पदार्थ आहे का? दहापैकी पाचच बरोबर आले तर ते नुसते अंदाजाने येणारे उत्तर आहे, नऊ आले तर समज जागेवर आहे. विचारताना खुणा करू नयेत, नाहीतर रुग्ण खुणेवरून ओळखतो आणि आपल्याला वाटते शब्द कळला. दाराकडे हात करून ‘दार कुठे आहे?’ विचारणारे नातेवाईक पुष्कळ असतात.

‘आता घरात एकच भाषा बोला, तीही हिंदीच, नाहीतर यांचा गोंधळ उडेल’ असा सल्ला इथे सर्रास दिला जातो. याला आधार नाही. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी झटका येऊन गेलेल्या 608 रुग्णांचा अभ्यास केला, तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. झटक्यानंतर बुद्धीची कामे पूर्ववत राहिलेले रुग्ण दोन भाषा बोलणाऱ्यांत 40.5 टक्के होते आणि एकच भाषा बोलणाऱ्यांत 19.6 टक्के. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. म्हणजे दोन भाषांमुळे वाचा वाचतेच असे नाही, पण दुसरी भाषा ओझेही होत नाही. ज्या भाषेत नातवंडे हाक मारतात ती घरातून काढून घेतली, तर रुग्णाशी बोलणारी माणसेच कमी होतात.

उजव्या अर्धगोलाकडे वळतो, कारण त्याच्या झटक्यानंतर ‘नशीब, वाचा वाचली’ म्हणून घरचे सुटकेचा श्वास सोडतात. शब्द आणि व्याकरण शाबूत असते हे खरे. पण बोलण्यातला सूर, टोमणा, गंमत, गोष्टीचा धागा यांत उजव्या बाजूचा वाटा मोठा असतो. ‘तू येणार’ आणि ‘तू येणार?’ यांत मराठीत फक्त सुराचा फरक आहे, तो या रुग्णांना पकडता येत नाही. ‘वा, फार लवकर आलात!’ हे त्यांना कौतुक वाटते. त्यांचा स्वतःचा आवाज सपाट होतो, म्हणून घरच्यांना वाटते माया आटली. माया आटलेली नसते, ती आवाजात उतरवणारा भाग दुखावलेला असतो. शिवाय डावीकडचे जग लक्षात येईनासे होते. पेपरची ओळ मधूनच वाचायला सुरुवात होते, ‘महाराष्ट्र’चे ‘राष्ट्र’ आणि ‘नवरात्र’चे ‘रात्र’ वाचले जाते. मजकुराच्या डाव्या समासात जाड लाल रेघ ओढावी आणि प्रत्येक ओळीला आधी रेघेवर बोट ठेवून मगच वाचायला सांगावे. साधा उपाय आहे आणि पुष्कळांना उपयोगी पडतो. डाव्या अर्धगोलाच्या मागच्या भागाला आणि दोन्ही अर्धगोल जोडणाऱ्या पट्ट्याच्या मागच्या टोकाला इजा झाली तर आणखी विलक्षण प्रकार होतो. माणूस पत्र लिहितो आणि स्वतःच लिहिलेले वाचू शकत नाही. फ्रेंच मेंदूतज्ज्ञ देजरीन यांनी तो 1892 मध्ये वर्णन केला. अक्षरे उजव्या अर्धगोलाला दिसतात, पण वाचणाऱ्या डाव्या भागापर्यंत पोहोचत नाहीत. अशा माणसाला चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला नेले जाते आणि महिने वाया जातात.

डावखुऱ्यांबद्दल थोडेसे. जर्मनीत 326 निरोगी माणसे तपासून 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पक्क्या उजव्या हाताच्या माणसांपैकी 4 टक्क्यांत आणि पक्क्या डावखुऱ्यांपैकी 27 टक्क्यांत भाषा प्रामुख्याने उजवीकडे आढळली. म्हणजे बहुतेक डावखुऱ्यांचीही भाषा डावीकडेच असते, पण अपवाद बरेच आहेत. आपल्याकडे लहानपणी हातावर मारून उजव्या हाताने जेवायला-लिहायला लावलेली माणसे पुष्कळ. हात बदलला तरी मेंदूतली भाषेची जागा बदलत नाही. रुग्ण मुळात डावखुरा होता का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आता उपचार. जो माणूस ‘पाणी’ म्हणू शकत नाही तो ‘सुखकर्ता दुखहर्ता’ अख्खी म्हणतो, वार ओळीने सांगतो, एक ते वीस मोजतो, असे पाहून घरचे थक्क होतात आणि दिवसभर आरत्या म्हणून घेतात. पाठ असलेले, चालीत बसलेले बोलणे वेगळ्या वाटेने बाहेर येते, त्यात उजव्या अर्धगोलाचाही हात असतो. पण नुसत्या आरत्यांनी बोलणे परत येत नाही. चालीचा आधार घेऊन नवे, कामाचे वाक्य बसवावे लागते. 1973 मध्ये बॉस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या संशोधकांनी याची पद्धत आखून दिली.

‘पाणी हवं’ हे वाक्य घ्या. समोर बसून उंच-खालचे दोनच सूर ठरवायचे. पहिल्यांदा शब्द न उच्चारता नुसते गुणगुणायचे आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हातावर एक टिचकी द्यायची, पा-णी-ह-वं, चार टिचक्या. मग दोघांनी मिळून म्हणायचे. मग म्हणता म्हणता आपण अर्ध्यावर गप्प व्हायचे, रुग्णाने पुरे करायचे. मग आपण म्हणून थांबायचे, त्याने एकट्याने म्हणायचे. शेवटी ‘काय हवं?’ असे विचारायचे आणि तेच वाक्य उत्तर म्हणून काढून घ्यायचे. ते जमू लागले की सूर हळूहळू कमी करत साध्या बोलण्यावर आणायचे. बिघडते ते तीन ठिकाणी. ओळखीच्या गाण्याची चाल लावली की रुग्ण घसरून त्या गाण्यातच शिरतो. घाई केली की अक्षरे गळतात. आणि घरचे शेवटपर्यंत सोबत म्हणत राहतात, त्यामुळे आधार कधी सुटतच नाही. ज्याला समजते चांगले पण बोलणे जवळजवळ बंद आहे, त्याला ही पद्धत लागू पडते. भरभर निरर्थक बोलणाऱ्याला नाही. त्याच्या बाबतीत आधी ऐकण्यावर काम करावे लागते.

थेरपीची मात्रा हा विषय आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास, दोन महिने, आणि मग ‘फरक नाही’ म्हणून बंद. 2003 मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा ज्यांत फायदा दिसला त्यांत सरासरी आठवड्याला 8.8 तास, 11 आठवडे थेरपी दिली होती आणि ज्यांत दिसला नाही त्यांत आठवड्याला 2 तास, सुमारे 23 आठवडे. सर्वांत वेगाने सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, म्हणून तो काळ ‘आधी हातपाय सुधारू द्या’ म्हणत घालवू नये. फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी बरोबरीने चालतात. सहा महिन्यांनंतर काही होत नाही हेही खरे नाही. जर्मनीत झटक्याला सहा महिन्यांहून जास्त काळ लोटलेल्या 156 रुग्णांवर चाचणी झाली, 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्याला किमान 10 तास, तीन आठवडे थेरपी मिळाल्यावर त्यांचे रोजचे बोलणे सुधारले. एवढे तास पगारी थेरपिस्टकडून कुणाला परवडत नाहीत, म्हणून निम्म्याहून जास्त काम घरच्यांनी शिकून करावे लागते, आणि घरचे ते कोणत्या भाषेत करणार? थेरपिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला असावा, एवढे मात्र पाहावे.

घरी बोलताना टीव्ही बंद, एका वेळी एकच माणूस, समोर बसून, छोटे वाक्य. विचारल्यावर मनात दहा मोजेपर्यंत थांबावे. ही थांबण्याची गोष्ट सर्वांत कठीण जाते, तिसऱ्या सेकंदाला कुणीतरी उत्तर देऊन टाकते. शब्द येत नसेल तर पहिले अक्षर द्यावे, ‘पा...’. तरी आला नाही तर दोन पर्याय द्यावेत, पाणी की चहा, आणि शक्य असेल तर दोन्ही वस्तू दाखवाव्यात. प्रत्येक चूक दुरुस्त करू नये. आशय पोहोचला की पुढे जावे.

याला कायद्याचाही आधार आहे. 2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात वाचा आणि भाषा दिव्यांगतेच्या व्याख्येत वाचाघात नाव घेऊन घातला आहे. कायमचा दोष राहिला तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) मिळू शकते आणि 40 टक्के वा अधिक दिव्यांगता असेल तर त्याला जोडलेले लाभही. हात-पायांचे प्रमाणपत्र काढणारी पुष्कळ कुटुंबे वाचेचे काढतच नाहीत, कारण ते मिळते हेच ठाऊक नसते.

म्हणून दोन विनंत्या. शहरातल्या सरकारी आणि खासगी, सर्व रुग्णालयांनी लकव्याच्या रुग्णाच्या दाखल-कागदावर चार ओळी वाढवाव्यात: आधी शिकलेली भाषा, घरची भाषा, लिहिण्या-वाचण्याची भाषा, मूळचा हात कोणता. ‘समजत नाही’ हा शेरा यातल्या घरच्या भाषेत तपासल्याशिवाय लिहू नये. दुसरी विनंती इथल्या मराठी मंडळांना. गणेशोत्सवाला आणि दिवाळी पहाटेला कार्यकर्ते उभे करणारी ही मंडळे मराठी शुद्ध आणि सावकाश बोलू शकणारी आठ-दहा माणसे तयार ठेवू शकतात. थेरपिस्टच्या देखरेखीखाली, खुणा न करता प्रश्न कसे विचारायचे एवढे त्यांना शिकवले, इंदूरच्या घरांतल्या वस्तूंची चित्रे आणि शब्द त्यांच्याकडे दिले, तर मराठी न येणाऱ्या डॉक्टरलाही बोलावता येईल असे कुणीतरी शहरात असेल. या यादीत ‘चाबी’ही असावी आणि ‘किल्ली’ही.

आपला,
एक वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ,
राजेंद्र नगर, इंदूर